हंड्यातली हवा

१

बायजाची किंकाळी ऐकू आली तेव्हा मैत्री ओव्हाळ तोंड धूत होती. वाऱ्यानं रात्रभर इमारतीला झोडपलं होतं, खिडक्या अजून खडखडत होत्या. त्या सगळ्या गोंगाटातून ती किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत पोचली. मैत्री ओल्या तोंडानंच जिना उतरली.

बायजा केंद्रातली स्वयंपाकीण. क्लीन रूमच्या काचेच्या दाराशी ती पदर तोंडात धरून उभी होती.

"विनेस आत पडलाय," ती म्हणाली. "हाका मारल्या. उठत न्हाय."

क्लीन रूमच्या मधोमध एक पोलादी पिंप आडवं ठेवलेलं होतं, टेम्पोच्या हौद्याएवढं. कागदोपत्री त्याला थर्मल व्हॅक्यूम चेंबर म्हणत. इथले सगळे त्याला हंडा म्हणायचे. उपग्रह वर पाठवण्याआधी त्याला हंड्यात ठेवून आतली सगळी हवा उपसायची, भिंती गोठवायच्या, मग दिव्यांनी भाजायचं. अवकाशात जे भोगायचं ते त्याला जमिनीवरच भोगायला लावायचं. हंड्याचं जाड गोल दार सताड उघडं होतं. आत उपग्रहाशेजारी चाचणी इंजिनिअर विनेश तांडेल पालथा पडला होता. त्याचा एक हात हंड्याच्या टोकाकडे लांबलेला होता, काहीतरी उचलायला वाकावं तसा.

तेवढ्यात दोघं धावत आले. मुझम्मिल फकीह रेडिओचं काम बघायचा आणि ओंकार दिवेकर उपग्रहाच्या जोडणीचं. दोघांनी विनेशला उचलून बाहेर आणलं. मुझम्मिल गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत राहिला. "ऊठ ना रे, विन्या. ऊठ ना यार." बराच वेळ. शेवटी केंद्राच्या प्रमुख डॉ. रचना चोगले यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे, मुझम्मिल. गेलाय तो."

अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. चेहरा झोपल्यासारखा.

"हार्टच असणार," रचना मॅडम म्हणाल्या. "या चाचणीचं किती टेन्शन घेतलं होतं पोरानं."

मैत्री हंड्याकडे बघत होती. आतल्या भिंती, तळ, उपग्रहाचा स्टँड, सगळं दवानं निथळत होतं. थेंब टपकत होते. फक्त विनेश जिथं पडला होता तिथं, माणसाच्या आकाराचा एक तुकडा कोरडा ठणठणीत होता.

२

काशीदच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडावर एक खडकाळ टेकाड आहे. केंद्र त्या टेकाडावर होतं आणि तिथं पोचायला एकच वाट होती, खाडीवर घातलेला दगडी बांध. ऐन आश्विनात उठलेल्या वादळानं समुद्र फुगला होता आणि त्यात उधाणाची भरती. बांध पाण्याखाली गेला होता. विजेचे खांबही पडले होते. जनरेटरवर उपग्रहाची यंत्रं आणि मोजके दिवे एवढंच चालत होतं.

मैत्री आपल्या खोलीत गेली, दार लावलं आणि मुरूड ठाण्याला फोन केला. इन्स्पेक्टर संघर्ष मोहिते फोनवर आले.

"बांधावर कमरेच्या वर पाणी आहे, मॅडम. ओहोटी लागेपर्यंत ना जीप येणार, ना होडी. तोवर कुणाला बाहेर जाऊ देऊ नका."

"बाहेर जायला वाटच कुठं आहे, साहेब?"

"तुम्ही तिथं कोण?"

"परीक्षक. उपग्रह उडवायला योग्य आहे की नाही हे बाहेरच्या माणसानं ठरवायचं असतं. त्यासाठी काल संध्याकाळी आले आणि अडकले."

तिचं खरं काम याहून थोडं वेगळं होतं. वर गेलेले उपग्रह का मेले, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. पालीजवळच्या शाळेतल्या मास्तरांची ही मुलगी मेलेल्या यंत्रांचं शवविच्छेदन करते, असं तिचे वडील कौतुकानं सांगत. माणसाच्या मरणाशी मात्र आज पहिल्यांदाच गाठ पडली होती.

"हार्ट अटॅक म्हणतायत सगळे," मोहिते म्हणाले.

"नाही, साहेब. तो पडला तेव्हा हंड्यात हवाच नव्हती."

"नीट सांगा. मला सायन्समध्ये काठावर पास केलं होतं."

"चाचणी संपली की हंड्यात आधी कोरडा नायट्रोजन भरतात. त्यात पाण्याचा अंशही नसतो, म्हणून थंड भिंतींवर दव पडत नाही. मग पहाटे यंत्र आपोआप तो नायट्रोजन काढून बाहेरची हवा आत घेतं. काल रात्री वीज गेली, म्हणून आज पहाटे ते झालंच नाही. एसीही बंद पडला, त्यामुळे क्लीन रूममध्ये समुद्राची दमट हवा शिरली. अशी हवा थंड हंड्यात गेली की सगळं घामेजतं. आता आत सगळं भिजलंय, पण विनेशच्या खाली कोरडं आहे. पावसात उभ्या केलेल्या स्कूटरखाली राहतं तसं."

"म्हणजे तो आधी पडला आणि दव मागून आलं."

"बरोबर. विनेश दार जेमतेम फटीएवढं उघडून आत शिरला असेल, दमट हवा जाऊ नये म्हणून. थंड नायट्रोजन जड असतो, तळाशी साचून राहतो. खाली वाकला आणि दोनचार श्वासांत शुद्ध गेली. त्यानंतर कुणीतरी दार सताड उघडून हंडा मोकळा होऊ दिला, आणि मग दव आलं."

"कुणीतरी? त्याला पडलेला बघून?"

"हो. आणि अजून एक. हंड्याच्या दाराशी ऑक्सिजनचा मीटर असतो. त्याची बारीक नळी हंड्याच्या आत असते, तीच आतली हवा हुंगते. तो बघितल्याशिवाय विनेश कधी आत जायचा नाही. मी आत्ता बघून आले, नळीचं टोक चिकटपट्टीनं भिंतीला लावलंय आणि पट्टी सुटून लोंबकळतेय. ओल्या भिंतीवर चिकटपट्टी धरत नाही, साहेब. ती दव पडल्यावर लावलीय."

मोहिते आता भराभर बोलू लागले. "म्हणजे आधी नळी बाहेर काढून ठेवलेली. मीटर खोलीतली हवा हुंगत होता आणि सगळं ठीक दाखवत होता."

"तसंच वाटतं."

"तिथं किती जण आहात?"

"चौघं आणि मी."

"दार लावून बसा आणि माझी वाट बघा."

"तोवर पुरावा वाळून जाईल," मैत्री म्हणाली आणि फोन ठेवला.

३

दवाचं तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पोलिसांना माहिती द्यायची आहे एवढंच म्हणून ती एकेकाशी बोलली.

बायजा चुलीपाशी बसली होती. गॅस होता, पण हात चालत नव्हते.

"उजाडायच्या आदी मुजम्मिलभाईला चा नेऊन दिला. नमाज पढून परत मशिनीपुढं बसलं व्हतं. मंग भाकऱ्या टाकल्या. विनेस चा प्यायला आला न्हाय म्हनून बघाया गेले." ती थांबली. "लहान व्हता तवापासून वलखते त्याला. मनुबाईला काय तोंड दावू?"

मनुबाई ही विनेशची आई, काशीदच्या कोळीवाड्यातली.

ओंकार नव्या मुंबईचा, जिभेवर चाकं असलेला. आज मात्र शब्द अडखळत होते.

"मी झोपलो होतो. एकटाच. कोई गवाह नाही, मला माहितेय. आणि हो, काल माझं त्याच्याशी वाजलं. सगळ्यांनी ऐकलंय."

"कशावरून?"

"अँटेनाच्या बिजागरीवरून. आधीच्या चाचणीत ती थंडीत जाम झाली होती. उघडलीच नाही. मी ती मोकळी केली. विनेश म्हणत होता, कशानं मोकळी केलीस ते सांग."

"कशानं केलीस?"

ओंकारनं मान खाली घातली. "मॅडमना विचारा. मी सांगितलं ते काम केलं."

मुझम्मिल कन्सोलवरून हललाच नव्हता. हंड्यातल्या उपग्रहाच्या तारा भिंतीतून निघून त्याच्या पडद्यांपर्यंत येत होत्या, आणि वीज जाऊनही उपग्रह जागा होता. त्याचं नाव 'सुकाणू'. मोबाईलची रेंज संपते तिथून पुढं गेलेल्या मच्छीमार होड्यांसाठी तो बनवला होता. होडीवरच्या नारिंगी पेटीचं बटण दाबलं की सुकाणूनं आकाशातून ती हाक ऐकायची आणि किनाऱ्याला कळवायची.

"मैं तो यहीं था, मॅडम," मुझम्मिल म्हणाला. "उजाडल्यावर रचना मॅडम येऊन बसल्या. बायजा ओरडेपर्यंत आम्ही दोघं इथंच. विन्या मला काल म्हणाला, सकाळी सगळ्यात आधी आरसा काढणार आणि ओव्हाळ मॅडमच्या हातात देणार."

"कोणता आरसा?"

"साक्षी आरसा. हंड्याच्या टोकाला खाली लावतात ना, तो."

मैत्रीला तो चांगला ठाऊक होता. हवा नसली की तेल, डिंक, ग्रीस यांना आपल्या जागी राहवत नाही. त्यांची वाफ निघते आणि जे गार असेल त्यावर जाऊन बसते. अवकाशात ती कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते, सौर पट्ट्यांवर बसते, आणि वर ती पुसायला कुणी नसतं. म्हणून हंड्यात एक स्वच्छ आरसा ठेवायचा. चाचणीनंतर त्यावर साय धरली असेल तर उपग्रहात काहीतरी चुकीचं लावलंय. विनेश त्या आरशासाठीच वाकला होता.

शेवटी ती रचना मॅडमच्या केबिनमध्ये गेली. समुद्राकडच्या खिडकीची काच वाऱ्यानं फुटली होती, पुठ्ठा लावलेला. तिच्याखालच्या उघड्या शेल्फवर जुन्या चाचण्यांचे नमुने आणि आरसे मांडले होते. मैत्रीची पहिली नोकरी याच बाईंच्या हाताखाली झाली होती. सोल्डरिंग कसं करायचं हे त्यांनी तिचा हात धरून शिकवलं होतं.

"बस, मैत्री. काय विचारायचं ते विचार."

"सकाळी तुम्ही विनेशला पाहिलंत का?"

"नाही गं. तेच मनाला लागलंय. उजाडता उजाडता मी क्लीन रूमवरून गेले. हंड्याचं दार सताड उघडं होतं, आत दिवा चालू, पण आत कोणी नव्हतं. वाटलं, विनेश काहीतरी आणायला गेला असेल. पुढं जाऊन मुझम्मिलजवळ बसले. तेव्हा थांबले असते तर..." त्यांनी डोळे टिपले. "ओंकारला फार टोचू नकोस. तापट आहे, पण वाईट नाही."

म्हणजे विनेश आत गेला तेव्हा रचना आणि मुझम्मिल एकत्र होते, बायजा भाकऱ्या करत होती. उरला एकटा ओंकार.

काहीतरी खटकत होतं, पण काय ते मैत्रीला कळेना.

"मी आरसा बघून येते," ती उठत म्हणाली.

"जा ना," रचना मॅडम म्हणाल्या.

४

या वेळी मैत्रीनं सगळी काळजी घेतली. नळी पुसून नीट बसवली, मीटर तपासला, दार आपोआप लोटलं जाऊ नये म्हणून फटीत लाकडी ठोकळा अडकवला. मगच आत शिरली.

आरसा जागेवर होता. तळहाताएवढा. त्यावर सायीचा पापुद्रा नव्हता, पण बारीक करडे ठिपके होते, आणि त्या प्रत्येक ठिपक्याभोवती दवाचा टपोरा थेंब. तिनं हातमोजा काढला. हंड्याच्या भिंतीवरचं पाणी बोटानं जिभेला लावलं. बेचव. मग आरशावरचं लावलं.

खारट.

हंड्यात मीठ येईल कुठून? चाचणीभर बंद हंड्यात राहिलेल्या आरशावर समुद्राचं वारं बसूच शकत नाही. हा आरसा उघड्या खिडकीपाशी पडलेला होता. खरा कुणीतरी काढून नेला आणि हा ठेवला.

मागं लाकूड घसरल्याचा आवाज झाला. ती वळेपर्यंत दार बंद झालं होतं. बाहेरून कड्या एकामागून एक बसल्या. दिवा गेला.

"कोण आहे?" ती ओरडली. पोलादानं आवाज गिळला.

भिंतीवर धोक्याच्या घंटेचं बटण होतं. चाचपडत तिनं ते दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. घंटा बाहेरच्या विजेवर चालणारी, ती मेलेली. अंधारात फक्त सुकाणूच्या अंगावरचा एक हिरवा ठिपका लुकलुकत होता.

मग पायापाशी फुस्स असा आवाज सुरू झाला. घोट्यांना गारठा लागला.

नायट्रोजन.

दारावर लाथा माराव्यात, किंचाळावं असं वाटलं, आणि तिनं स्वतःला दरडावलं, ओरडशील तेवढा श्वास जाईल. गार वायू तळाशी भरतोय, म्हणजे आधीची हवा वर ढकलली जातेय. छताशी दाब सोडणारी झडप आहे. शेवटची हवा तिथंच उरणार. ती उपग्रहाच्या स्टँडवर चढली, ओल्या लोखंडावरून पाय सटकला, गुडघा सोलला, पुन्हा चढली. छताला नाक लावून ती लहान लहान श्वास घेऊ लागली. गळा आवळल्यासारखं काहीच होत नव्हतं, आणि तेच भयानक होतं. डोकं फक्त हलकं होत चाललं होतं. थोडं टेकावं, डोळे मिटावेत, इतकंच वाटत होतं.

त्या हलक्या डोक्यातच मघाची खटकलेली गोष्ट लख्ख उमटली. दार सताड उघडं आणि आत कोणी नव्हतं.

तसं झालंच नसतं. दार उघडं असतं तर दमट हवा तेव्हाच आत गेली असती, तळही तेव्हाच ओला झाला असता. मग विनेश ओल्या तळावर पडला असता. तो तर कोरड्यावर पडला होता. दार उघडं आणि हंडा रिकामा, अशी वेळ आज सकाळी आलीच नव्हती.

हात आधारासाठी चाचपडत असताना एका पेटीला लागला. स्टँडच्या वरच्या दांडीला, अँटेनासमोर बांधलेली होडीवरची पेटी. सुकाणूचा कान तपासायला ती चाचणीभर तिथंच होती.

पोलादाच्या हंड्यातून रेडिओची लहर बाहेर जात नाही. पण सुकाणू तिच्यासोबत आतच होता, आणि त्याच्या तारा बाहेर गेलेल्या होत्या.

तिनं बटण दाबलं आणि दाबून धरलं.

५

मुझम्मिलच्या पडद्यावर लाल पट्टी उमटली: होडी संकटात. त्याला आधी वाटलं, ओलीमुळं कुठंतरी शॉर्ट झालं. पट्टी गेली आणि पुन्हा आली. गेली आणि पुन्हा आली. बिघाडाला अशी माणसासारखी लय नसते. त्या पेटीचं बटण बोटानंच दाबावं लागतं, आणि पेटी तर हंड्यात होती.

"या अल्ला," तो उठला आणि धावत सुटला.

दार उघडलं तेव्हा मैत्री स्टँडवरून त्याच्या अंगावरच कोसळली. क्लीन रूमच्या फरशीवर पडून ती श्वास घेत राहिली, दमट, खारट, कुबट हवा. तिला ती पुरेशी मिळेना.

"कोण होतं दाराशी?" तिनं विचारलं.

"कोणी नव्हतं. ओंकार जनरेटरला डिझेल घालतोय, बायजा कंदील धरून त्याच्यासोबत आहे. इधर तो..." त्याचं वाक्य तोंडातच राहिलं.

थोड्या वेळानं सगळे स्वयंपाकघरात जमले. मैत्रीनं मोहित्यांना फोन लावून टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. रचना मॅडम शेवटी आल्या. मैत्रीला बसलेली बघून दारातच त्यांचं पाऊल अडलं.

"बसा, मॅडम," मैत्री म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. कोरडा तुकडा, न चिकटलेली पट्टी, खारट आरसा. आवाज चढवला नाही. "हा आरसा समुद्राकडच्या खिडकीपाशी होता. अशी खिडकी मॅडमच्या केबिनला आहे."

"माझी केबिन उघडीच असते," रचना मॅडम म्हणाल्या. "कुणीही घेऊ शकतं. ओंकारसुद्धा."

"हो. म्हणून आरशावरून मी काही ठरवलं नाही. पण तुम्ही म्हणालात, दार सताड उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. ओंकार असं म्हणाला नाही, मुझम्मिल म्हणाला नाही, बायजा म्हणाली नाही. दार उघडल्याबरोबर दव पडायला लागणार होतं, आणि विनेशच्या खाली दव नाही. म्हणजे दार सताड उघडलं तेव्हा तो आत पडलेलाच होता. तुम्हाला तो दिसला नाही असं होणारच नाही. मरण उजाडल्यानंतरचं दाखवायची गरज एकाच माणसाला होती. उजाडल्यावर तुम्ही मुझम्मिलशेजारी होतात, पण त्याआधी कुठं होतात ते कुणालाच माहीत नाही. आणि मी आरसा बघायला जातेय हेही मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं."

बाहेर लाटा खडकावर आपटत होत्या. ओंकारनं तोंड उघडलं.

"मॅडम, आता मी बोलणार. अवकाशातलं खास ग्रीस वेळेत आलं नाही. तुम्ही म्हणालात, साधं लाव, जेट्टीवर दोर ओढायच्या कप्प्यांना लावतात तेच. नुसती चाचणी पास होऊ दे म्हणालात. मी लावलं. विन्याला कळलं असतं ते आरशावरून."

रचना मॅडमनी फोनकडे पाहिलं, मग मैत्रीकडे. नाकारायचं त्यांच्या मनात होतं, पण समोर त्यांचीच शिष्या होती, आणि तिच्या हिशेबातली चूक शोधण्यात अर्थ नव्हता.

"माझा भाऊ अशाच वादळात गेला," त्या म्हणाल्या. "किनाऱ्यापासून फार लांबही नव्हता. रात्रभर होडीला धरून होता म्हणे. कुणाला कळलंच नाही. रॉकेटवरची ही जागा गेली असती तर पुढची कधी मिळाली असती? तोवर किती होड्या? मी विनेशला हात जोडले, मैत्री. म्हटलं, एवढ्या वेळी गप्प बस. तो म्हणाला, सकाळी आरसा ओव्हाळ मॅडमच्या हातात देणार."

"सुकाणू वर गेल्यावर पहिल्या काही महिन्यांतच त्याच्या पट्ट्यांवर साय धरली असती," मैत्री म्हणाली. "मग वीज कमी, मग कान बंद. आणि आपल्यामागं कोणीतरी आहे या भरवशावर होड्या आणखी लांब गेल्या असत्या. बटण दाबत राहिल्या असत्या. तुमच्या भावाला निदान खोटी आशा तरी नव्हती."

तिनं फोन थोडा रचना मॅडमकडे सरकवला.

"मला आत कोंडलंत ते?"

"तुझा चेहरा बघायचा नव्हता मला," त्या एवढंच म्हणाल्या.

फोनमधून मोहित्यांचा आवाज आला. "पाणी उतरायला अजून वेळ आहे. त्यांना कुठंतरी कोंडून ठेवा."

कुणी हललं नाही. कोंडायला वेगळी जागा तरी कुठली? खाली समुद्र, मागं बुडालेला बांध. सगळे त्याच टेबलाभोवती बसून राहिले, जिच्यासोबत जेवले-खाल्ले त्या बाईसोबत, ओहोटीची वाट बघत. बायजानं चहा केला. चार कप भरले. पाचवा भरला नाही.

६

दुपार कलली तशी बांधाची पाठ पाण्यातून वर आली. पोलिसांची जीप पलीकडच्या टोकाला उभी होती. दगड निसटलेत का ते बघायला दोन हवालदार उतरले होते. त्यांच्याआधी एक बाई बांधावर चढली. हवालदारानं हटकलं, ती थांबली नाही. लुगडं खोचलेलं, पाणी अजून पोटऱ्यांपर्यंत, वारा अंगावर घेत ती चालत आली.

बायजा तिला बघून आत पळाली. फाटकापाशी मैत्रीच उभी होती.

"मी मनुबाय. विनेसची आई." तिचे डोळे कोरडे होते. "पोराला बघाया आले."

"आत आहे, आई. चला."

मनुबाई हलली नाही. "तू डाक्तर?"

"नाही. पण काय झालं ते मला माहीत आहे."

"मंग सांग. जीव जाताना तरफडला काय माजा विनेस? लई दुखलं काय?"

मैत्रीनं आजवर कितीतरी अहवाल लिहिले होते. मोठमोठ्या लोकांसमोर त्यांचे उपग्रह का मेले ते न अडखळता सांगितलं होतं. इथं अहवालातला एकही शब्द उपयोगाचा नव्हता.

"नाही, आई. शपथेवर सांगते. हंड्यात हवा नव्हती, पण माणसाला ते कळत नाही. गुदमरत नाही, दुखत नाही. डोकं हलकं होतं आणि झोप लागते. मीही आज त्याच हंड्यात होते. मला माहीत आहे."

मनुबाई तिच्याकडे बघत राहिली, खरंखोटं पारखत असल्यासारखी. मग तिनं मान हलवली.

"म्हंजी त्याला कललंच न्हाय. आपल्याला कुनी मारला त्ये."

"नाही कळलं."

"मंग मला कलू दे." तिनं ओल्या हातानं मैत्रीचं मनगट धरलं. पकड मासळीच्या टोपल्या उचलून घट्ट झालेली. "पोलीस मागनं आपलं सांगतील. तू सांग. नाव सांग."

जीप बांधावर चढली होती. मागं इमारतीच्या पायरीवर, मुझम्मिल आणि ओंकार यांच्या मधोमध रचना मॅडम उभ्या होत्या. त्यांना सगळं दिसत होतं.

मैत्रीनं नाव सांगितलं.

मनुबाईनं त्या पायरीकडे पाहिलं. रचनाला ती लहानपणापासून ओळखत होती. रचनाच्या भावाची होडी परत आली नाही तेव्हा त्यांच्या आईपाशी मनुबाई रात्रभर बसली होती. तिनं शिवी दिली नाही, छाती पिटली नाही. मैत्रीचं मनगट सोडलं, खोचलेलं लुगडं सोडून नीट केलं आणि सरळ पायऱ्या चढून गेली. रचनासमोर आली तेव्हा क्षणभर थांबली.

"बाजूला व्हय," ती म्हणाली. "माजा पोरगा आत हाय."

रचना बाजूला झाली.